स्पेनच्या वसाहतींत न्यायाधीश राज्य का करायचे?

१७६२ च्या ऑक्टोबरात मद्रासहून आलेलं इंग्रजांचं आरमार मनिलाच्या उपसागरात उभं होतं. जहाजांवर गोऱ्या पलटणींबरोबर मद्रासकडचे शिपाईही होते. तोफांनी तटाला खिंडार पाडत आणलं होतं. आधीच्या गव्हर्नरच्या मृत्यूनंतर मनिलाचा कारभार तिथला आर्चबिशपच पाहत होता, आणि युद्ध हा काही त्याचा प्रांत नव्हता. शहर पडायच्या बेतात असताना सिमोन दे आन्दा नावाचा एक न्यायाधीश रात्री होडीत बसून निसटला. त्याच्याजवळ पाचशे पेसो होते आणि सरकारी शिक्क्याच्या कागदाचे चाळीस ताव.

जीव मुठीत धरून निघालेला माणूस स्टॅम्प पेपर कशाला बरोबर घेईल? कारण त्या कागदावर लिहिलेला हुकूम हा राजाचा हुकूम ठरायचा. शहर पडलं, आर्चबिशपने शरणागती पत्करली, आणि आन्दाने बाहेरून जाहीर केलं की फिलिपिन्सचं सरकार आता मी आहे. पांपांगा प्रांतातल्या बाकोलोर गावी त्याने तळ ठोकला, फौज उभारली, कर वसूल केले आणि इंग्रजांना मनिलाच्या आसपासचा टापू सोडून फारसं कुठे पाय रोवू दिले नाहीत. १७६४ मध्ये इंग्रज परत गेले. आन्दा सेनापती नव्हता, सरदारही नव्हता. त्याचा सगळा दावा कायद्यावर उभा होता. गव्हर्नर नसेल तेव्हा कारभार उच्च न्यायालयाकडे जातो, आणि त्या न्यायालयाचा एकच सदस्य मोकळा उरला असेल, तर तो एकटा म्हणजेच अख्खं न्यायालय.

असा दावा कुणी करावा आणि लोकांनी तो मानावा, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

कायदे करणारे वेगळे, ते राबवणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे, हे आपण शाळेत नागरिकशास्त्रात शिकतो. ही विभागणी मनात धरून सोळाव्या-सतराव्या शतकातलं मेक्सिको किंवा पेरू समजून घ्यायला गेलं, तर गोंधळच उडतो. त्या काळच्या स्पेनमध्ये राजाचं पहिलं कर्तव्य न्याय देणं हे होतं. कर, रस्ते, बाजारभाव, गावांच्या हद्दी ही सगळी कामं त्या कर्तव्याच्या पोटात येत. त्यामुळे खेड्यातल्या अधिकाऱ्यापासून व्हाइसरॉयपर्यंत प्रत्येकाकडे कसली ना कसली न्यायाची सत्ता होती. इंग्रजी अमदानीतला आपला कलेक्टर महसूलही गोळा करायचा आणि मॅजिस्ट्रेट म्हणूनही बसायचा, ते चित्र इथे उपयोगी पडेल. स्पेनच्या वसाहतींत मात्र दुसऱ्या बाजूनेही तेच चालत होतं. व्यवसायाने न्यायाधीश असलेली माणसं कारभार हाकत होती.

या माणसांच्या संस्थेचं नाव औदिएन्सिया, आणि तिच्या सदस्याला म्हणायचे ओइदोर. पहिली औदिएन्सिया १५११ मध्ये कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोला मंजूर झाली. मेक्सिकोला १५२७ मध्ये, लिमाला १५४३ मध्ये, चार्कासला १५५९ मध्ये, किटोला १५६३ मध्ये, मनिलाला १५८३ मध्ये. मध्ये ग्वातेमाला, ग्वादालाहारा, बोगोता अशी बरीच नावं आहेत. लहान ठिकाणी चार-पाच न्यायाधीश असत. मेक्सिको आणि लिमा या दोन राजधान्यांत पुढे आठ ओइदोर, फौजदारी खटल्यांसाठी चार वेगळे न्यायाधीश आणि राजाची बाजू मांडणारे दोन सरकारी वकील अशी रचना झाली. या सर्वांच्या वर स्पेनमध्ये, समुद्रापलीकडच्या या वसाहतींचा कारभार पाहणारं इंडीज मंडळ होतं. १५२४ मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ कायदेही करायचं, नेमणुकाही करायचं आणि मोठ्या दाव्यांचं शेवटचं अपीलही ऐकायचं. फौजदारी खटल्यांत मात्र औदिएन्सियाचा निकाल बहुतेक वेळा अंतिमच असे.

औदिएन्सियाकडे राजाची मुद्रा असायची. ती पहिल्यांदा शहरात यायची तेव्हा खुद्द राजा आला आहे अशा इतमामाने तिला सामोरं जायचं, असा नियम होता. जनावराच्या पाठीवर सजवून, वर छत्र धरून, अधिकारी दुतर्फा चालत तिला न्यायालयात नेत. व्हाइसरॉय राजाच्या नावाने बोलायचा, पण राजाची मुद्रा न्यायालयाजवळ होती. वसाहतीतल्या सगळ्या भांडणांचं मूळ मला इथे दिसतं.

राजाने हे मुद्दाम केलं होतं. स्पेनहून मेक्सिकोला पत्र पोचायला महिने लागत. मनिलाहून पाठवलेल्या पत्राचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं सहज जात, कारण गलबत साधारणपणे वर्षाकाठी एकदाच पॅसिफिक ओलांडून आकापुल्कोला जायचं. इतक्या लांबच्या मुलखात ज्याच्या हाती फौज, खजिना आणि नेमणुका आहेत तो माणूस उद्या स्वतःच राजा झाला तर? मेक्सिको घेणारा कोर्तेस आणि पेरू घेणारा पिझारो यांच्यासारख्या, स्वतःच्या हिमतीवर साम्राज्यं जिंकलेल्या माणसांबद्दल ही भीती अगदी खरी होती. म्हणून राजाने तलवारवाल्यांच्या शेजारी सालामांका आणि वायादोलिदच्या विद्यापीठांतून कायदा शिकलेली, पगारावर जगणारी, बढतीकडे डोळे लावून बसलेली माणसं आणून बसवली.

व्हाइसरॉय औदिएन्सियाचा अध्यक्ष असे, पण तो कायदा शिकलेला नसल्यामुळे खटल्याच्या निकालात त्याला मत नव्हतं. उलट त्याच्या प्रशासकीय निर्णयाने कुणाचं नुकसान झालं, तर तो माणूस त्याच निर्णयाविरुद्ध औदिएन्सियात दाद मागू शकत होता. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी व्हाइसरॉय आणि ओइदोर एकत्र बसून कारभाराच्या मोठ्या प्रश्नांवर विचारविनिमय करत. दोघांनाही राजाशी थेट पत्रव्यवहार करायची मुभा होती, आणि दोघेही एकमेकांच्या तक्रारी मन लावून लिहीत. माद्रिदला ते हवंच होतं. व्हाइसरॉय मेला किंवा त्याचा वारस वेळेत आला नाही, तर ज्येष्ठ ओइदोरच्या पुढाकाराने औदिएन्सियाच राज्य करायची. शिवाय प्रत्येक ओइदोरकडे जोडकामं असायची. अमेरिकेत मेलेल्या आणि वारस स्पेनमध्ये असलेल्या माणसाची मालमत्ता सांभाळून ती योग्य हाती पोचवणं हे त्यातलंच एक, आणि त्या काळात ते फार मोठं काम होतं.

न्यायाधीशावर बंधनंही जबर होती. आपल्या न्यायक्षेत्रात जमीन घ्यायची नाही, घर घ्यायचं नाही, व्यापार करायचा नाही, कर्ज द्यायचं-घ्यायचं नाही, लोकांच्या लग्नाबारशांना जायचं नाही. १५७५ च्या हुकुमाने तर ओइदोरला आणि त्याच्या मुलाबाळांनाही राजाच्या परवानगीशिवाय त्या प्रांतात लग्न करायला बंदी आली. हेतू सरळ होता. नातं जडलं की निकाल वाकतो. पण माणूस पंधरा-वीस वर्षं एका शहरात काढतो, त्याच्या मुली वयात येतात, गावातले खाणमालक श्रीमंत असतात. परवानग्या मागितल्या गेल्या, विकतही घेतल्या गेल्या, आणि पुष्कळांनी नियम बिनदिक्कत मोडले.

मोडण्याची सर्वांत भयंकर तऱ्हा मेक्सिकोच्या पहिल्याच औदिएन्सियाने दाखवली. १५२८ च्या अखेरीस तिचं काम सुरू झालं. अध्यक्ष होता नुन्यो दे गुस्मान. नेमलेल्या चार न्यायाधीशांपैकी दोघे येताच वारले. उरले मातिएन्सो आणि देल्गादियो. कोर्तेसला वेसण घालायला पाठवलेल्या या तिघांनी स्वतःच लूट सुरू केली. गावांकडून मन मानेल तशी वसुली, गुलामांचा व्यापार, विरोधकांच्या मालमत्तेवर टाच. स्पेनला जाणारी पत्रंही ते अडवू लागले. बिशप सुमार्रागाने १५२९ मध्ये लिहिलेलं तक्रारीचं लांबलचक पत्र एका बास्क खलाशाने लपवून नेलं, तेव्हा कुठे दरबाराला खरी हकिकत कळली.

या काळाचा एक पुरावा आजही आपल्यासमोर आहे. वेहोत्सिंगो या गावच्या लोकांनी १५३१ मध्ये न्यायालयात दिलेली साक्ष. ती चित्रांत आहे. झाडाच्या सालीच्या आणि घायपाताच्या कागदाची आठ पानं, त्यांवर औदिएन्सियाने गावाकडून काय काय उकळलं त्याचा हिशेब, नावानिशी आणि संख्येनिशी. मका, मिरची, टर्की कोंबड्या, विटा, चुना, विणलेलं कापड. एका पानावर बाळाला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे. तो गुस्मानच्या स्वारीसाठी गावाने करून दिलेला ध्वज. त्याच्या सोन्यासाठी गावाला गुलाम माणसं विकावी लागली, आणि तीही त्या कागदांवर काढलेली आहेत. स्पेनने मेक्सिको जिंकून जेमतेम दहा वर्षं झाली होती. आपली लिपी, आपली संख्यापद्धत आणि आपला कागद घेऊन ही माणसं जेत्यांच्या न्यायालयात जेत्यांच्याच न्यायाधीशांविरुद्ध उभी राहिली. अर्थात दावा गावाने लावलेला नव्हता. वेहोत्सिंगोची वसुली आपल्या हक्काची आहे असं म्हणणाऱ्या कोर्तेसचा तो दावा होता, आणि गावकरी त्याचे साक्षीदार होते. तरी १५३८ मध्ये स्पेनमध्ये शेवटचा निकाल लागला तो असा, की गावाकडून घेतलेल्यापैकी दोन तृतीयांश परत करा.

निकाल देण्याइतकी विश्वासार्हता न्यायालयाला आली, कारण दरम्यान राजाने संबंध औदिएन्सिया बदलली होती. एक अध्यक्ष आणि चार न्यायाधीश अशा दुसऱ्या औदिएन्सियाने आधीच्या न्यायाधीशांची चौकशी केली. तिच्यातला एक न्यायाधीश वास्को दे किरोगा याने मेक्सिको शहराजवळ स्वतःच्या पैशाने निराधार स्थानिक लोकांसाठी सांता फे नावाची वस्ती उभारली. सामाईक जमीन, ठरलेले कामाचे तास, दवाखाना. १५३५ मध्ये पहिला व्हाइसरॉय आला तोवर ही पाच माणसं मेक्सिकोचं सरकार होती, आणि ते त्यांनी चांगलं चालवलं.

पेरूमध्ये मात्र न्यायालयाने थेट व्हाइसरॉयलाच कैद केलं. १५४२ च्या नव्या कायद्यांनी स्थानिक लोकांना गुलाम करायला बंदी घातली आणि जेत्यांना वाटून दिलेली गावं वारसाहक्काने पुढे जाणार नाहीत असं ठरवलं. ते कायदे राबवायला ब्लास्को नून्येस वेला १५४४ मध्ये लिमाला आला. स्वभावाने तापट. विश्वासघाताच्या संशयावरून त्याने खजिन्याच्या एका बड्या अधिकाऱ्याला आपल्याच वाड्यात ठार केलं. काही दिवसांतच ओइदोरांनी त्याला अटक केली आणि आपल्यातल्याच आल्वारेस नावाच्या न्यायाधीशाच्या पहाऱ्यात स्पेनला रवाना केलं. जहाज निघाल्यावर आल्वारेसने त्याला सोडून दिलं. इकडे लिमात ओइदोरांनी पेरू जिंकणाऱ्या पिझारोचा बंडखोर भाऊ गोन्सालो पिझारो याला गव्हर्नर म्हणून मान्यता दिली. १५४६ च्या जानेवारीत किटोजवळच्या लढाईत व्हाइसरॉय मारला गेला.

आता राजाने कुणाला पाठवावं? पेद्रो दे ला गास्का या कायदा शिकलेल्या पाद्र्याला. फौज नाही, व्हाइसरॉयची पदवीही नाही. लिमाच्या औदिएन्सियाचा अध्यक्ष एवढाच हुद्दा, आणि खिशात राजाची सही असलेले कोरे कागद. माफी द्यायची, जमीन द्यायची, नेमणूक करायची, सगळं त्या कागदांवर. पिझारोची माणसं एकेक करून त्याच्याकडे वळली. १५४८ च्या एप्रिलमध्ये कुस्कोजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या तेव्हा पिझारोचे सैनिक लढण्याऐवजी पलीकडच्या बाजूला धावत गेले. सर्वांत आधी पळणाऱ्यांत सेपेदा होता, चार वर्षांपूर्वी व्हाइसरॉयला कैद करणारा ओइदोर. दुसऱ्या दिवशी पिझारोचा शिरच्छेद झाला. साम्राज्य वाचलं ते एका न्यायालयाच्या अध्यक्षामुळे, आणि ते बुडायची वेळ आली होती त्यातही न्यायाधीशांचा हात होता.

न्यायाधीशांवर कोण नजर ठेवणार? त्यासाठी दोन मार्ग होते. पहिला रेसिडेन्सिया. व्हाइसरॉय असो वा तालुक्याचा अधिकारी, पदावरून उतरताना प्रत्येकाची जाहीर चौकशी व्हायची. चौकशी करणारा न्यायाधीश आला की गावोगाव दवंडी पिटली जायची, की ज्याची तक्रार असेल त्याने यावं. स्थानिक लोकांनाही तक्रार करता येत होती आणि ते करतही. चौकशी संपेपर्यंत गाव सोडून जाता येत नसे. दुसरा मार्ग विसिता, म्हणजे माद्रिदहून अचानक येणारा तपासनीस न्यायाधीश. तो साक्षी गुप्तपणे घ्यायचा, आणि म्हणून त्याची धास्ती जास्त. या पद्धतीत लाच चालायची, मागचा अधिकारी पुढच्याला खूश करून सुटायचा, हे खरं आहे. तरी अधिकार संपल्यावर लोकांसमोर हिशेब द्यायचा ही कल्पना मला आजही मोलाची वाटते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. मेक्सिको आणि अँडीजमधल्या गावांनी ती पायरी अक्षरशः झिजवली. जमिनीची हद्द, पाण्याचा वाटा, जास्तीची वेठ, पाद्र्याने मागितलेली जादा फी, या सगळ्यांवर दावे. वकिलांनी या लोकांना इतकं नागवलं की १५९२ च्या सुमारास मेक्सिकोत त्यांच्यासाठी वेगळं न्यायालय उभं राहिलं. करदात्या प्रत्येक स्थानिक माणसाकडून वर्षाला अर्धा रेआल (रेआल म्हणजे चांदीचं नाणं) घ्यायचा, त्यातून वकिलांचे आणि कारकुनांचे पगार द्यायचे, आणि मग खटल्यासाठी वेगळी फी घ्यायची नाही. हे न्यायालय १८२० पर्यंत चाललं. यात दिलासा होता, हे नाकारता येत नाही. पण ज्याच्या दारात न्याय मागायचा त्यानेच जमीन घेतलेली होती, आणि मागताना त्याचं राज्य आपलं आहे हे दर वेळी मान्य करावं लागत होतं. साम्राज्य तीनशे वर्षं टिकलं यात तलवारीइतकाच या दाव्यांचाही वाटा आहे असं माझं मत आहे.

गावपातळीवर हा दिलासा फारसा पोचलाच नाही. तिथला न्यायाधीश म्हणजे कोरेहिदोर. कर तोच गोळा करायचा, निवाडाही तोच करायचा, आणि खेचरं, कापड वगैरे माल चढ्या भावाने लोकांच्या गळ्यातही तोच मारायचा. पैसे थकले तर शिक्षा द्यायला तोच बसलेला. १७७७ मध्ये होसे गाब्रिएल कोंदोर्कांकी नावाचा कुस्कोकडचा एक स्थानिक प्रमुख लिमाला जाऊन राहिला. आपल्या गावांना पोतोसीच्या चांदीच्या खाणीतली वेठ माफ करा असे अर्ज त्याने केले, इंका घराण्याच्या वारसाहक्काचा खटलाही लढला. वेठ माफ झाली नाही. नोव्हेंबर १७८० मध्ये त्याने आपल्या भागातल्या कोरेहिदोर आर्रियागाला पकडून फाशी दिलं आणि तुपाक आमारू या नावाने अँडीज पेटवला. त्याच्या मागण्यांत कोरेहिदोरची पदं रद्द करण्याबरोबर आणखी एक मागणी होती, ती म्हणजे कुस्कोला स्वतःची औदिएन्सिया द्या. लिमाच्या ओइदोरने चालवलेल्या खटल्यानंतर १८ मे १७८१ रोजी त्याला, त्याच्या बायकोला आणि मुलाला कुस्कोच्या चौकात क्रूरपणे मारलं. १७८४ मध्ये पेरूतले कोरेहिदोर गेले, १७८७ मध्ये कुस्कोला औदिएन्सिया मिळाली. अर्ज करून जे मिळालं नाही ते हजारो माणसं मेल्यावर मिळालं.

सगळे ओइदोर एका साच्यातले नव्हते. ग्वातेमालाचा गार्सिया दे पालासिओ प्रांताची पाहणी करत फिरत असताना कोपानच्या माया अवशेषांपर्यंत पोचला आणि १५७६ मध्ये त्यांचं वर्णन राजाला लिहून पाठवलं. मनिलाचा आंतोनियो दे मोर्गा १६०० मध्ये डच जहाजांशी लढायला स्वतः आरमार घेऊन निघाला आणि आपलं मुख्य जहाज गमावून बसला.

मोर्गाच्या काळात गोव्यावरही स्पेनच्याच राजाची सत्ता होती. १५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुट त्याच्याकडे होता. कारभार मात्र वेगळे ठेवलेले. गोव्यात पोर्तुगीजांचं उच्च न्यायालय १५४४ पासून होतं, आणि विद्यापीठात शिकलेले न्यायाधीश व्हाइसरॉयच्या शेजारी बसवायची रीत तिथेही होती.

व्यवस्थेला खरी कीड लागली ती पैशाच्या चणचणीने. १६८७ पासून राजाने ओइदोरची पदंच विकायला काढली. ज्यांनी ती विकत घेतली त्यांत अमेरिकेत जन्मलेले, तिथेच नातीगोती आणि मळे असलेले स्पॅनिश वंशाचे लोक बरेच होते. १७५० मध्ये विक्री थांबली, आणि पुढे माद्रिदने पुन्हा स्पेनमध्ये जन्मलेली माणसं भरायला सुरुवात केली. आपल्याच देशाच्या न्यायालयात आपल्याला जागा नाही, ही तिथल्या शिकलेल्या वर्गाची जखम स्वातंत्र्याच्या लढ्यापर्यंत भळभळत राहिली.

१८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजाला कैद केलं. मेक्सिकोचा व्हाइसरॉय स्थानिक पुढाऱ्यांचं ऐकू लागला तेव्हा १५ सप्टेंबरच्या रात्री स्पॅनिश व्यापाऱ्यांच्या सशस्त्र माणसांनी त्याला पकडलं, आणि ओइदोरांनी लगेच दुसरा व्हाइसरॉय नेमून त्या बंडावर शिक्का मारला. चार्कासच्या औदिएन्सियाने नेमकी उलटी दिशा धरली. २५ मे १८०९ रोजी चुकिसाका शहरात तिथल्या ओइदोरांनी आपल्या अध्यक्षाला पदावरून काढून सत्ता स्वतःकडे घेतली. हे त्यांनी कैदेतल्या राजाच्या नावाने केलं. पण दक्षिण अमेरिकेच्या त्या भागात स्वातंत्र्याची पहिली हाक म्हणून तोच दिवस साजरा होतो.

नवी राष्ट्रं उभी राहिली तेव्हा सीमा कुठे आखायच्या हा प्रश्न आला, आणि हाताशी तयार होत्या त्या न्यायालयांच्या हद्दी. किटोच्या औदिएन्सियातून इक्वादोर आला, चार्कासमधून १८२५ मध्ये बोलिव्हिया. चुकिसाकाचं नाव आता सुक्रे आहे. बोलिव्हियाचा राष्ट्राध्यक्ष आणि संसद ला पासला असतात, पण सर्वोच्च न्यायालय अजून सुक्रेलाच भरतं.